उसातली हाळी

चंद्रभागाबाई ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. मी वाटी घेऊन विरजण मागायला खाली उतरले होते, तेवढंच. त्या आमच्या घरमालकीण. खाली त्या राहतात, वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं आम्ही. विरजण वाढता वाढता, काही विशेष नाही अशा सुरात त्या म्हणाल्या की तुमची प्रियदर्शनी फार गुणाची, बालवाडीतून आली की रोज मागच्या कडुलिंबाखाली येऊन बसते, ढोलीतल्या पिंगळ्यांकडं बघत. मी विचारलं, कोणते पिंगळे? त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमाला ठावं न्हाई? आवो, पिल्लं हायेत त्यायला. मला हाताला धरून नेलं अन् दाखवलं पोरीनं. मी म्हनलं, आईला दाखवलंस का? तर म्हनती कशी, आजी, आईला सांगू नका. आई आली की ती निघून जात्यात." एवढं सांगून त्या पदर तोंडाला लावून हसल्या. लेकरं काय काय बोलतात, अशा अर्थाचं ते हसणं. मीही हसले. हसून जिना चढले, आणि वर आल्यावर माझ्या लक्षात आलं की वाटी मी खालीच विसरले आहे.

परत खाली जाणं झालं नाही. दूध ओट्यावर निवत राहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या लिंबाचा शेंडा दिसतो, ढोली दिसत नाही. ती भिंतीच्या आड, खाली कुठं तरी. मी काळजी करणारी बाई आहे. हे मला माहीत आहे, माझ्या नवऱ्याला, सोमेश्वरला माहीत आहे, बालवाडीतल्या बाईंना तर फारच माहीत आहे. जिन्याची कुठली पायरी उखडली आहे, गल्लीतलं कुठलं कुत्रं अंगावर येतं, हौदाचं झाकण कुठल्या बाजूनं कलतं, तहसीलकडून येणाऱ्या जीपगाड्या वळणावर कशा आत घुसतात, हे सगळं मी डोक्यात घेऊन वावरते. हौदाच्या झाकणावर दगड मीच नेऊन ठेवला. इतक्या राखणीतून एक आख्खं पाखरांचं घर उभं राहिलं, पिल्लं झाली, माझी मुलगी रोज त्यांच्याकडं जाऊन आली, आणि मला पत्ता नाही. नजर चुकली असती तर मी स्वतःला रागावून घेतलं असतं. ते मला जमतं. पण ही नजरचूक नव्हती. मला लांब ठेवलं होतं. शेळी व्याली की कुत्र्याला जसं गोठ्यापासून लांब ठेवतात, तसं, राग नसताना, नुसती खबरदारी म्हणून.

आधी ती अशी नव्हती. आधी रस्त्यानं चालणं म्हणजे शिक्षा होती. मुंगळ्यांची रांग दिसली की ही उकिडवी. गोगलगाय, सरडा, म्हशीच्या पाठीवरचा बगळा, आणि दर वेळी माझ्या ओढणीला हिसका: आई, बघ. आई, बघ ना. मी बघायचे म्हणजे काय, ते चावणारं आहे का हे आधी बघायचे. मग म्हणायचे, हो, छान आहे, चल. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोकणात जाऊन आलो आणि ते 'आई, बघ' थांबलं. एकाएकी नाही; मला जाणवायलाही बरेच दिवस गेले. आज काय बघितलंस, असं विचारलं तर म्हणायची, काही नाही. माझी आई, भिवराबाई, तेव्हा गावाकडून आली होती. तिनं एका नजरेत निदान केलं. "पोर भ्याली हाय. पान्यातलं जनावर डोळ्यानं बघितलंय तिनं." मग मीठ-मोहऱ्या-मिरच्या आल्या, पोरीला पूर्वेकडं तोंड करून बसवलं, दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या, ठसका आला नाही, म्हणजे नजर जबर लागली होती असं ठरलं. अंबाजोगाईच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मी, दार धरून उभी होते. मी थांबवलं नाही. थांबवायचं सोडा, मला मनातून बरं वाटत होतं. भ्यालेलं मूल दगड उचलून खाली हात घालत नाही. भ्यालेलं मूल विहिरीत डोकावत नाही. ते महिने मी नीट झोपले.

कोकणात जायचं मीच ठरवलं होतं. सोमेश्वर शाळेत मास्तर. त्याला सुट्टीत देवदर्शनही चालतं आणि घरी लोळणंही. कुठं जायचं असं त्यानं विचारलं आणि मी एवढ्या लगेच 'खाडी बघायला' म्हणाले, की तो हसायला लागला. त्यामागं जुनी हौस होती. कॉलेजात असताना सहल समुद्रावर जाणार होती, कांदळवनातले प्राणी बघायला. आईबाप तेव्हा उसाच्या पट्ट्यात, तोडीला. आईनं कुणाच्या तरी फोनवरून निरोप दिला, पान्याजवळ न्हाई जायाचं. मी नाही गेले. मैत्रिणी बाटल्यांतून खेकडे आणि शंख घेऊन आल्या, मी पुस्तकातून त्यांच्या आकृत्या काढल्या, बाण काढून नावं दिली, आणि मार्क त्यांच्यापेक्षा जास्त मिळवले. तेव्हापासून कुठं तरी होतं की आपण जाऊ, आणि नुसतं बघू. बाण न काढता.

ते खाडीकाठचं राखीव रान होतं. चिखलात उभी झाडं, आणि चिखलातून वर आलेल्या त्यांच्या मुळ्या, कुणी हजारो पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशा. मधून फळ्यांचा अरुंद पूल. वास असा की आधी नाक मिटावं आणि मग हळूहळू तोच वास हवासा वाटावा. आमच्याकडं पाणी म्हणजे कुणी तरी सोडलेलं नाही तर कुणी तरी अडवलेलं. इथं ते आपलं आपण आत येत होतं आणि आपलं आपण निघून जात होतं, आणि त्यावरून कुणाचं भांडण नव्हतं. ओहोटी लागली होती. उघड्या पडलेल्या चिखलात डोळे वर काढलेले मासे पायांवर चालल्यासारखे सरपटत होते, एकच नांगी मोठी असलेले तांबडे खेकडे ती नांगी हलवत कुणाला तरी बोलावत होते. पुलाच्या टोकाशी फळ्यांचा आडोसा होता, बघायला फटी ठेवलेल्या. आत जाण्याआधी वनखात्याच्या माणसानं सगळ्यांना सांगितलं होतं की बोलायचं नाही, हात बाहेर काढायचे नाहीत, पाणमांजरं आली तर आली. आत एक पुण्याचं जोडपं होतं, आणि एक म्हातारे गृहस्थ, मांडीवर कॅमेरा ठेवून देवळात बसावं तसे बसलेले. पाणमांजरांसाठी ते दर हिवाळ्यात यायचे म्हणे, आणि अजून नीट दिसली नव्हती. हे त्यांनी कुजबुजत सांगितलं आणि सोमेश्वरनं उगाच मान डोलावली, शाळेत तपासणीसाहेबांपुढं डोलावतो तशी.

प्रियदर्शनी खालच्या फळीपाशी उकिडवी बसली, फटीला तोंड लावून. तिच्याएवढं शांत त्या आडोशात कुणीच नव्हतं. मी तिच्या मागं, तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून. खरं सांगायचं तर मी खाडी बघतच नव्हते. मी फट बघत होते, ती किती रुंद आहे, डोकं अडकेल का. खालचा चिखल बघत होते, किती खोल असेल. आणि तेवढ्यात पाणी फुटलं. एक, मग मागं आणखी, ओली काळपट डोकी. ती चिखलाच्या काठावर चढली, अंग झटकलं, पिल्लं एकमेकांवर पडली. म्हातारबुवांचा हात कॅमेऱ्याकडं गेला तो किती हळू गेला, तेही मला आठवतं. त्यातली मोठी, आई असणार, आमच्या अगदी खाली आली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. मिशांवर पाणी. तिनं सरळ प्रियदर्शनीकडं बघितलं. प्रियदर्शनीनं तिच्याकडं. दोघींच्या मध्ये एक फळी. आणि माझ्या पोटातून, मला न विचारता, हाळी वर आली.

ती ओरड नव्हती, किंकाळीही नव्हती. बाकीच्यांना तसं वाटलं असेल. ती उसातली हाळी होती, लांब, शेवटाला वर चढणारी, आईची. ऊस तोडताना फड चारी बाजूंनी आत आत येत जातो, आणि शेवटी मध्ये एक पट्टा उरतो उभा. त्या दिवसभरात जे जे जिवंत पळालेलं असतं ते त्या पट्ट्यात गोळा झालेलं असतं. ससे, रानमांजर, साप, कधी बिबट्या. त्यात शिरायच्या आधी सगळी टोळी उभी राहते, कोयत्यावर कोयता आपटते आणि हाळी देते. ऐकलं की जनावर आपल्या वाटेनं निघून जातं. त्याचंही भलं, आपलंही. आईची हाळी टोळीत सगळ्यांत वरची. बाया चिडवायच्या, भिवरा, तुज्या हाळीनं वाघरू तर जाईलच, पर मुकादम बी पळंल बघ. आमच्याकडं जनावर दिसलं नाही म्हणजे दिवस चांगला गेला. जनावर बघायला घर सोडून लांब जावं, तिकीट काढावं, श्वास धरून बसावं, आणि ते जवळ आलं की आनंद मानावा, ही गोष्ट मी पुस्तकातून शिकले होते. अंगाला कुणी शिकवली नव्हती.

हाळीचा आणखी एक उपयोग होता, आम्हा लेकरांसाठी. तान्ह्या पोरांना जुन्या लुगड्याच्या पट्टीनं कमरेला बांधून पट्टीचं दुसरं टोक गाडीच्या चाकाला बांधायचे, रांगत उसात जाऊ नये म्हणून. जरा मोठं झालं की सोडायचे, पण आईनं हाळी दिली की जिथं असू तिथून ओ द्यायची, ही अट. मी मोठी झाले होते, सुटी होते. एकदा पाटाच्या कडेला बसले असताना पलीकडून तो आला, बिबट्या. तो म्हणते, ती असेल. वाकून पाणी प्यायला लागला. मला त्याचे कान दिसत होते, आणि ते कान एकेक करून हलत होते, ऐकत होते. आईची हाळी आली. मी ओ दिली नाही. ओ दिली असती तर त्यानं वर बघितलं असतं, एवढंच मला कळत होतं. दुसरी हाळी आली, तुटलेली. मग तो उठला, घाई न करता, आणि उसात मिसळून गेला. आई कोयता हातात घेऊनच धावत आली, थोबाडीत मारली, मग छातीशी धरलं, मग आणखी मारली. तोड संपेस्तोवर मला पुन्हा चाकाला बांधलं, एवढी मोठी असून. बाकीची पोरं हसायची. काय बघितलं ते मी आईला सांगितलं नाही. आजतागायत नाही. सांगितलं असतं तर पाटाकडं जाणंच बंद झालं असतं.

पाणमांजरं पाण्यात गेली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. वरचे बगळे मात्र एकदम उठले, खाडीभर पांढरे पांढरे झाले, आणि मग तेही दूर कुठं तरी खाली बसले. आडोशात कुणी मला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. पुण्याच्या बाई म्हणाल्या, असू दे, मूल म्हटलं की होतंच. म्हातारबुवांनी कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण बसवलं. ते नीट बसेना, त्यांनी पुन्हा काढून बसवलं. परतीच्या एसटीत सोमेश्वरनं वातावरण हलकं करावं म्हणून शेजाऱ्याला सांगितलं की आमच्या मंडळींनी असा आवाज दिला, ओहोटी होती ती आणखी मागं हटली. शेजारी हसला, मी हसले. प्रियदर्शनी खिडकीशी बसली होती. तिला काय वाटतं हे मी बघितलं नाही. खिडकीची सळई सैल आहे का तेवढं बघितलं. आता मला ते तोंड आठवून बघायचं आहे आणि आठवत नाही. ती भ्याली नव्हती. ती कशालाच भ्याली नव्हती. आम्ही तिची भलतीच दृष्ट काढली. तिनं खाडीत बसून एक साधी गोष्ट शिकून घेतली, जी मीही पाटाच्या कडेला शिकले होते: जे आवडतं ते आईच्या कानावर जाऊ द्यायचं नाही.

दुपारी ती खालून वर आली. गुडघ्यांना माती, केसांत लिंबाची काडी. मी ताट वाढलं. मी काहीही विचारणार नव्हते, तरी विचारलं, कुठं होतीस? म्हणाली, खाली. काय करत होतीस? काही नाही. तिनं भात कालवला, मीठ मागितलं. तिच्या तोंडावर खोटं बोलल्याची एक रेघ नव्हती, इतकं तिला ते सवयीचं झालं होतं. मी तिच्या केसांतली काडी काढायला हात पुढं केला आणि मागं घेतला. काडी काढली असती तर कुठून आली ते बोलावं लागलं असतं. तिथंच मनात आलं की सांगावं, मी पण एकदा पाहिलं होतं गं, कान हलत होते त्याचे. शब्द ओठांपर्यंत आले. पण मग ती विचारेल, मग काय झालं? आणि पुढचं मला सांगता येणार नव्हतं.

रविवारी आम्ही मोटारसायकलवर युसूफ वडगावला निघालो, सासऱ्यांकडं. अर्ध्या वाटेत मागचं चाक बसलं. सोमेश्वर म्हणाला, फाट्यावर पंक्चरवाला हाय, तुमी थांबा इथंच सावलीला, आणि गाडी ढकलत निघाला. जाता जाता मागं वळून म्हणाला, "काय आलं तर हाळी दे, मला फाट्यापस्तोर ऐकू येईल." त्याला यात काही लागण्यासारखं आहे हे ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी बाभळीखाली दगडावर बसलो. पुढं हरभऱ्याचं रान होतं, घाटे धरलेलं, त्याच्यापलीकडं उभी तूर. ऊन मऊ होतं. प्रियदर्शनीनं कडेचा एक डहाळा उपटला आणि घाटे सोलून खात बसली. रस्त्यानं कुणी नव्हतं. तेवढ्यात तिची पाठ बदलली. म्हणजे ती हलली नाही, पण पाठ ताठ झाली, पातळ झाली. आणि दुसऱ्याच क्षणी तिनं मान खाली घातली आणि चपलेचा पट्टा उगाच काढून लावायला लागली, फार मन लावून. जिकडं ती बघत नव्हती तिकडं मी बघितलं. तुरीतून हरणं बाहेर आली होती. एक मादी, तिच्या पोटाला चिकटून पाडस, मागं काळा, पिळाच्या शिंगांचा. दगड मारला तर लागेल इतकी जवळ. पाडस थांबत, पाय उचलत, पुन्हा थांबत आमच्याकडंच येत होतं.

माझ्या पोरीनं ती माझ्यापासून लपवली होती. आपण बघितलं नाही तर आईही बघणार नाही, एवढाच तिचा उपाय. हरणाचं भय कुणाला असतं? मलाही नव्हतं. तरी जनावर, लेकरू आणि मी एका रेषेत आलो आणि ती हाळी पोटातून वर सरकायला लागली, छातीत, मग गळ्याच्या खाली. मला तिला सांगायचं होतं की मी नाही देणार आवाज. पण ते सांगणं हाही आवाजच झाला असता. मी दात आवळले. माझ्या चेहऱ्यावर काय झालं कुणास ठाऊक; तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं बघितलं, चप्पल सोडली, उठून माझ्या मांडीवर येऊन बसली आणि आपला पंजा माझ्या तोंडावर ठेवला. जोरात नाही. हाताला हिरव्या हरभऱ्याचा आंबट वास होता. असा हात ठेवल्यावर मग तिनं निर्धास्तपणे मान वळवली आणि रानाकडं बघायला लागली.

मी हरणं बघितली नाहीत. मला तिचा गाल दिसत होता, कान, आणि पापणी, जी मिटत नव्हती. मी नाकानं हळू श्वास घेत होते. तळहाताला तो लागत असणार. डहाळ्यांतून खसखस ऐकू येत होती, पाडस फारच जवळ आलं असावं, कारण तिच्या ओठांचे कोपरे हळूहळू वर गेले आणि तिथंच थांबले. बराच वेळ गेला. तिचा हात दंडापासून थरथरायला लागला, दमला होता. वाटलं, आता काढेल. तिनं नजर रानावरून न हलवता दुसरा हात आधी माझ्या तोंडावर आणून ठेवला, नीट दाबला, आणि मगच पहिला काढून घेतला.